घाटावर नेलेली पानं

॥ श्री ॥
हिवरखेड,
मार्गशीर्ष शु. २, ता. १५ डिसेंबर १९३६

चि. शालिकराम यास बहीण माणिकबाईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व खुशाल. तुम्हा नवराबायकोची खुशाली कळवीत जा.

तुझी चिठ्ठी पोचली. पत्र म्हणवत नाही, कारण ओळी चारच. परतवाड्याला लॉरी हाकायला लागल्यापासून तुझा हातही लॉरीसारखा धावतो आणि निम्मी अक्षरं रस्त्यात सांडतात. तरी मतलब समजला. भगवंताचे वडील नत्थुजी बांधावरून पडले, पाय मोडला, चिखलदऱ्याच्या वरच्या आपल्या झोपडीतून त्यांना खाली उतरता येत नाही, म्हणून माझ्या कौशल्येला पाहायला येणं होत नाही. आणि पौष लागायच्या आत भगवंताची सोयरीक ठरवायचीच असल्यामुळे ते अचलपूरच्या मंडळींना होकार देण्याच्या विचारात आहेत. एवढंच ना?

तर मग ऐक. ते येत नाहीत तर आपण जाऊ. तू, तुझी बायको आशा आणि कौशल्या. मुलीला दाखवायला कोणी डोंगरावर नेतं काय, असं माझ्या जावेनं, गंगूबाईनं, मला विहिरीवर चार बायांत विचारलं. मी म्हटलं, नेते. ती नुसती दाखवून घ्यायला जात नाही, स्वतःही पाहून येईल. जिथे जन्मभर चूल फुंकायची ती झोपडी पोरीनं आधी पाहिली तर कोणाचं काय जातं? गंगूबाईनं घागर उचलली आणि चालू लागली.

कौशल्या तोंडानं काही बोलत नाही. पण बहिरमच्या जत्रेत तिनं भगवंताला पाहिलं आहे, हे मला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक आहे. अचलपूरचं नाव निघालं त्या दिवशी पोरीनं वरणात दोनदा मीठ घातलं आणि स्वतःच न बोलता सगळं खाल्लं. तिचे वडील गेल्यापासून तिनं माझ्याजवळ कधी काही मागितलं नाही. हे एक मागते आहे, तेही न मागता. म्हणून मी हे स्थळ हातचं जाऊ देणार नाही.

आपल्या पानमळेवाल्यांची रीत तुला सांगायला नको. मुलीनं आपल्या मळ्याचं पान आपल्या हातानं ठेवायचं, मुलाच्या बापानं ते खाऊन तिथेच हो म्हणायचं. नत्थुजी आता डोंगरावर बटाटे लावतात, पण मूळचे अंजनगावचे पानमळेवाले, ते रीत सोडणार नाहीत. पान माझं आहे, तेव्हा हो म्हणतीलच. मला निघता येत नाही, थंडी पडून राहिली आहे आणि वेलांना आडोशाच्या ताट्या बांधायच्या आहेत. गडी आहेत, पण माझी नजर हटली की गाठी सैल.

कोणत्या दिवशी निघता ते लगेच कळव, आणि पाच ओळी तरी लिही.

तुझी बहीण,
माणिक

॥ श्री ॥
परतवाडा,
ता. १८ डिसेंबर १९३६

ती. गं. भा. माणिकबाईस धाकट्या शालिकरामचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा स्वतःसाठी, एकदा आशाला वाचून दाखवायला. तिनं विचारलं, बाईंनी मला विचारलं का येशील म्हणून? मी म्हटलं, बाई विचारत नसतात.

शनिवारी २६ तारखेला माझी लॉरी किराणा घेऊन चिखलदऱ्याला जाते. मालकाला सांगून ठेवलं आहे, पुढच्या बाकावर तिघं बसू. कौशल्येला शुक्रवारीच अकोटच्या मोटारीनं इकडे रवाना कर. चिखलदऱ्यापासून पुढे दोन कोस बैलगाडीची वाट आहे, तिथे भगवंत गाडी घेऊन येईल. मी त्याला सांगितलं तेव्हा तो माझ्या लॉरीत बटाट्याची पोती चढवत होता. ऐकलं आणि चढवलेलं पोतं पुन्हा खाली उतरवलं. विचारलं काहून रे, तर म्हणाला चुकून. पोरगा चांगला आहे बाई. वर्षभर पाहून राहिलो, त्याचं पोतं कधी ओलं नाही की दगडमातीनं भरलेलं नाही. कमी बोलतो, आणि कौशल्याही कमी बोलते, म्हणजे त्या झोपडीत सगळं बोलणं तुलाच जाऊन करावं लागेल.

एकच काळजी. वर औंदा थंडी भलती आहे. सकाळी गवतावर बरफ धरतो, पांढरा मिठासारखा. परवा एका लॉरीच्या पोटातलं पाणी गोठून लोखंड फुटलं. कौशल्येजवळ घोंगडी दे, नुसती शाल नको. नत्थुजींचा स्वभाव कडक आहे. वीस वर्षं त्या डोंगरावर एकटे राहिल्यासारखे राहिले, पण पान हातात घेऊन कोणत्या मळ्याचं ते सांगतात म्हणे. म्हणून पानं नीट दे, एवढं सांगायचं धाडस करतो.

पाच ओळींच्या वर गेलो आहे, मोजून घे.

तुझा,
शालिकराम

॥ श्री ॥
हिवरखेड,
ता. २३ डिसेंबर १९३६

चि. शालिकराम यास आशीर्वाद. हे पत्र कौशल्येच्या हातीच देते आहे.

पानं नीट दे म्हणून मला सांगतोस! अकोटच्या बाजारातून माझं पान आजपर्यंत एकदाही परत आलेलं नाही. करंडीत दोनशे पानं असतील. गुरुवारी सकाळी माझ्या हातानं खुडीन आणि केळीच्या पानात गुंडाळून देईन. आता नीट वाच. पान तहानलं की मेलं. दर थांब्यावर करंडीवर पाणी मारायचं, वरून आणि चारी बाजूंनी. केळीचं पान ओलं राहिलंच पाहिजे. तू विसरभोळा, म्हणून पुन्हा लिहिते, दर थांब्यावर. कौशल्येला सांगितलं आहे, पण ती मामापुढे बोलणार नाही, म्हणून तुलाच बजावते. रस्त्यात कुठे मुक्काम पडला तर झोपण्याआधी पाणी.

बाकी काही सांगायचं नाही. पान ठेवताना पोरीचा पदर डोक्यावर असू दे आणि तू मध्ये बोलू नको. हो ऐकून या.

माणिक

॥ श्री ॥
परतवाडा,
ता. २९ डिसेंबर १९३६

ती. गं. भा. माणिकबाईस शालिकरामचा सा. न. वि. वि. आम्ही काल सुखरूप उतरलो. कौशल्या आमच्याकडे आहे, बरी आहे, तिच्या मामीला थोडा खोकला आहे. हे पत्र बसून, सावकाश लिहितो आहे, कारण जे झालं ते सगळं तुला कळलं पाहिजे.

शनिवारी दुपारी निघालो. धामणगाव गढीपर्यंत आशा गात होती, घाट लागल्यावर गाणं थांबलं आणि ओकारी सुरू झाली. तिसऱ्या वळणावर लाकडाच्या एका गाडीचं चाक मोडून सागाचे ओंडके रस्त्यावर आडवे पडले होते. मागे सहा गाड्या, पुढे आम्ही. उजेड असेतो ओंडके हटले नाहीत. मग नाक्याच्या चौकीत शेकोटीजवळ मुक्काम केला. बाई, मी शहाणा ड्रायव्हर. थंडीनं गोठून फुटू नये म्हणून मी लॉरीच्या पोटातलं सगळं पाणी काढून टाकलं. आणि मग त्याच बादलीनं झऱ्याचं पाणी आणून तुझ्या हुकमाप्रमाणे करंडीवर मारलं. वरून आणि चारी बाजूंनी. लोखंड जपलं आणि पान भिजवलं! करंडी मागे उघड्यावर होती, कारण चौकीत तंबाखूचा धूर होता आणि धुरानं पानाला वास लागतो, हेही तूच शिकवलेलं.

सकाळी उठलो तर जग पांढरं. रस्ता, गवत, ओंडके, बैलांच्या पाठीवरच्या झुली. लॉरीच्या नाकावर बोटभर बरफ होता. कौशल्येनं तो नखानं खरवडून जिभेवर ठेवला आणि हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. चहाचं पाणी ओतून इंजिन गरम केलं, ओंडके हटले, आणि आम्ही त्या पांढऱ्या रस्त्यानं वर गेलो. चाकं घसरत होती. आशा डोळे मिटून बसली होती आणि कौशल्या काचेला नाक लावून. इतकं सुंदर मी कधी पाहिलं नाही, खोटं काहून सांगू.

चिखलदऱ्याला भगवंत गाडी घेऊन उभा होता. करंडी लॉरीतून गाडीत चढवताना मला शंका आली, म्हणून केळीचं पान बाजूला केलं. बाई, वरची पानं काळी. मधली काळी. तळाची पण काळी. हात लावला तर शिजवलेल्या भाजीसारखी मऊ. भगवंतानं पाहिलं की नाही कोण जाणे, तो बैलांकडे वळला होता.

मग मी जे केलं ते ऐकून तू मला मारशील. तिथे बाजारात एक तंबोळी आहे. आशाला ओकारीवर लिंबू आणतो म्हणून गेलो आणि त्याच्याकडून पंचवीस हिरवी पानं आणली. करंडीत वरती ठेवली. कौशल्येनं ते पाहिलं. मला वाटलं, पोर समजूतदार आहे.

झोपडी सागाच्या फळ्यांची आहे, वर गवत, आत एक खोली आणि ओसरी. स्वच्छ. चुलीमागे बटाट्याचे ढीग. नत्थुजी बाजेवर पाय लांब करून बसले होते. पांढऱ्या मिशा, डोळे ससाण्याचे. आशानं त्यांना नमस्कार केला, मी केला, हवापाण्याचं बोलणं झालं. मग पान ठेवायची वेळ आली. तबक कौशल्येच्या हातात. मी पाहिलं तर तबकात एक काळं पान. हिरवी पंचवीस करंडीतच होती.

मी बोलायला तोंड उघडलं आणि आशानं माझ्या पायावर पाय दिला. कौशल्येनं तबक खाली ठेवलं. नत्थुजींनी पानाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, हे काय आहे. ती म्हणाली, "आमच्याच मळ्याचं पान हाय. रस्त्यात पाणी आमीच मारलं, म्हून काळं पडलं. करंडीत बाजारचं हिरवं बी हाय, पन ते आमचं नाई."

एवढंच. पदर डोक्यावर होता, आवाज हलला नाही. माझं काय झालं ते लिहीत नाही.

नत्थुजींनी ते पान उचललं, त्याला चुना लावला, काथ लावला आणि तोंडात घातलं. अख्खं खाल्लं. आम्ही वाट पाहत बसलो. ते हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. मग भिंतीकडे तोंड करून आडवे झाले आणि म्हणाले, कळवतो. भगवंत आम्हाला गाडीनं पोचवायला आला. उतरताना त्यानं कौशल्येची घोंगडी घडी करून तिच्या हातात दिली.

बाई, रीतीप्रमाणे तिथेच हो म्हणायचं असतं. ते म्हटलं नाही, म्हणजे मला काही आशा वाटत नाही. चूक माझी आहे. काय शिक्षा द्यायची ती दे.

तुझा,
शालिकराम

॥ श्री ॥
हिवरखेड,
ता. १ जानेवारी १९३७

चि. शालिकराम यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मी चूल विझवली आणि मळ्यात जाऊन बसले. गंगूबाईनं कुंपणावरून विचारलं, काय झालं डोंगरावर? मी सांगितलं, थंडी होती.

तुला चार शिव्या लिहायला बसले होते आणि दोन लिहूनही झाल्या होत्या, खोडल्या आहेत, पाहिजे तर उजेडात धरून वाच. मग माझंच २३ तारखेचं पत्र आठवलं. झोपण्याआधी पाणी, हे कोणी लिहिलं? मी. जन्मभर या उन्हाच्या मुलखात पान जपलं, पान तहानेनं मरतं एवढंच मला माहीत. पाण्यानं मरतं हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी कोणाला विचारलं नाही. तू हुकूम ऐकलास. तेव्हा अर्धी चूक माझी, पाव तुझी, आणि उरलेली पाव त्या तंबोळ्याच्या पानांची, ती मात्र पूर्ण तुझीच. आपल्या घरात बाजारचं पान ठेवून सोयरीक मागायची? बाबा असते तर तुला मळ्यात पाय ठेवू दिला नसता. पुन्हा असं करू नको.

पण शालिकराम, त्या ओळी मी गड्यालाही वाचून दाखवल्या. आमच्याच मळ्याचं पान हाय. माझी लेक असं बोलली! मी तिला पान ठेवायला शिकवलं, हे शिकवलं नव्हतं. कोणाकडून शिकली? मला रडू आलं ते दुःखाचं नव्हतं.

आता नत्थुजींचं. ते नाही म्हणतील तर म्हणोत. ज्या माणसाला असं पान ठेवणारी सून नको, त्याच्या झोपडीत माझी पोर मला पाठवायची नाही, मग भगवंत कितीही चांगली पोती भरो. हे मी ठाम लिहिते, आणि त्यांचा नकार येऊ नये असं वाटतं तेही लिहिते, कारण पोरीला तो पाहिजे. ती तुमच्याकडे काय करते, जेवते का, झोपते का, हे लिही. सारखी तिच्या पाठीमागे राहू नका. पौष लागायला बारा दिवस आहेत. मी कोणाकडे पुन्हा शब्द टाकायला जाणार नाही. वाट पाहू.

आशाला खोकल्यावर आल्याचा रस दे. तिनं तुझ्या पायावर पाय दिला, त्यासाठी तिला माझ्याकडून एक लुगडं.

तुझी बहीण,
माणिक

॥ श्री ॥
मु. चिखलदरा,
ता. ६ जानेवारी १९३७

गं. भा. माणिकबाई यांस नत्थुजीचा राम राम वि. वि. आपली ओळख नाही, तरी हे पत्र आपल्यालाच लिहितो, आपल्या भावाला नाही. अक्षर माझंच आहे.

आपल्या मुलीनं ठेवलेलं पान मी खाल्लं. पान कडू होतं. तोंडात घातलं तेव्हाच थंडीनं जळलेलं पान ओळखू आलं, कारण ते मी पूर्वी खाल्लेलं आहे.

अंजनगावला माझा मळा होता. वीस वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात एका रात्रीत तो सगळा काळा झाला. सकाळी गावचे लोक कुंपणाशी जमले आणि विचारू लागले, काय झालं, कोणाचा विटाळ झाला, कोण चपला घालून आत शिरलं. मी माझ्या बायकोचं नाव सांगितलं. ती आदल्या दिवशी मळ्यात आली होती, तिचा पाय बाधला असं म्हणालो. लोकांना ते पटलं. तिलाही पटलं असावं, कारण ती एकदाही उलट बोलली नाही. मळा मोडून आम्ही या डोंगरावर आलो. पुढच्या तीन वर्षांत ती वारली. भगवंत तेव्हा पाच वर्षांचा होता.

खरी गोष्ट अशी आहे, बाई, की त्या संध्याकाळी उत्तरेकडची ताटी मी बांधली नव्हती. शेजारी बारसं होतं, मी जेवायला गेलो, म्हटलं रात्री येऊन बांधू, आणि झोपलो. वारा तिथूनच आत आला. हे मला त्याच सकाळी कळलं होतं. ताटी भुईवर पडलेली मी पाहिली आणि लोक यायच्या आत उचलून जागेवर लावली.

आपली मुलगी माझ्यासमोर बसली. तिला मी ओळखत नव्हतो. तिच्या मामानं हिरवी पानं आणलेली होती, ती तिला ठेवता आली असती आणि मी कदाचित फसलोही असतो. तिनं काळं पान ठेवलं आणि पाणी आम्हीच मारलं असं सांगितलं. देवाचं नाव घेतलं नाही, नशिबाचं नाही, मामाचंही नाही. आम्ही म्हणाली. मी पान चावत होतो आणि मला ती भुईवरची ताटी दिसत होती. म्हणून भिंतीकडे वळलो. त्याचा अर्थ आपल्या भावानं वेगळा घेतला असेल तर तो दोष माझा.

मुलीबद्दल मला विचार करायचा नव्हता. माझा होकार पान संपायच्या आतच झाला होता. आपण शालिकरामजींना पौषाच्या आत पुन्हा पाठवा, साखरपुडा या झोपडीतच करू. लग्न माघात आपण म्हणाल त्या दिवशी, माझा पाय बरा होवो न होवो. अचलपूरच्या मंडळींना मी आज नकार कळवला.

उत्तराला दहा दिवस लागले, कारण ती मुलगी या घरात यायच्या आधी मला भगवंताला त्याच्या आईचं खरं सांगायचं होतं. रोज सकाळी ठरवत होतो आणि रोज तो कामाला निघून जात होता. काल सांगितलं. तो उठून बाहेर गेला, बांधापलीकडे जिथे त्याच्या आईला मूठमाती दिली आहे तिथे बसला, आणि दुपारपर्यंत परत आला नाही. आला तेव्हा मला म्हणाला, चला, आणि मला पाठीवर घेऊन तिथे नेलं.

आपल्या घरचा स्नेह आमच्यावर राहावा, एवढंच मागणं.

आपला,
नत्थुजी